सेनाइदा सभेला नव्हती

आमच्या सान मेल्चोर गावात एखाद्याच्या गळ्यात पद घालायचं असेल तर त्याची लायकी कुणी बघत नाही, तो सभेला आलाय की नाही ते बघतात. आला असेल तर तो हातपाय झाडतो, बायकोचं दुखणं सांगतो, मागच्या वर्षी पाण्याची समिती आपणच सांभाळली होती याची आठवण करून देतो. आला नसेल तर त्याच्या वतीनं बोलणार कोण? सगळे हात वर करतात आणि घरी जेवायला जातात. पदाला पगार नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही. वर्षभर गावाची सेवा करायची, नाहीतर उद्या तुमच्या घरी कुणी मेलं तर खड्डा खणायला माणूस मिळत नाही.

सेनाइदा त्या दिवशी सभेला नव्हती, कारण तिचा पाव भट्टीत होता. अंड्याच्या बलकाचा पाव करते ती, आणि पाव काही सभेची वेळ बघून भाजला जात नाही. शाळा समितीला अध्यक्ष हवा होता. मागून कुणीतरी तिचं नाव घेतलं, भराभर हात वर झाले. बातमी कळल्यावर तिचं तोंड कसं होईल ते डोळ्यासमोर येऊन मला हसू फुटलं, तर गावप्रमुख म्हणाला, "दुलीला फार आनंद झालेला दिसतोय. सदस्य म्हणून दुलीला घ्या." अशी मीही अडकले. माझ्या तोंडानं मला आजवर बऱ्याच भानगडींत नेलंय, ही त्यातलीच एक.

सेनाइदा माझी कोमाद्रे. तिच्या ब्रिसेइदाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर धरलं होतं, तेव्हापासून पोरगी मला मद्रीना, म्हणजे धर्माची आई, म्हणते आणि आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे. हे नातं बहिणीपेक्षा अवघड. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडण म्हणजे पाप. त्यामुळे बातमी सांगायला मलाच जावं लागलं.

"एक वर्ष ना?" भट्टीत लांब दांड्याची फळी सारत ती म्हणाली. "एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. पुढच्या सभेला मी पहिल्या रांगेत येऊन बसते की नाही ते बघ तू."

पुढची सभा झालीच नाही. वर्ष संपायच्या आत रोग आला. गावानं रस्त्याला साखळी बांधली, पहारा बसवला, सभेवर बंदी घातली. आता अध्यक्ष बदलायचा तर सभा लागते, आणि सभा भरवायची नाही, म्हणजे अध्यक्ष तोच. आणि शाळेला तर कुलूप. सेनाइदा एका बंद शाळेची अध्यक्ष होऊन बसली होती, आणि त्या बंद शाळेसाठी गावातली प्रत्येक आई तिच्या दारात येऊन तिलाच विचारायची, "काय गं सेनाइदा, शाळा कधी उघडायची?" जणू काही किल्ली तिनं पदराला बांधून ठेवली होती.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण ब्रिसेइदा त्याच वर्षी पहिलीत जायची होती. गणवेश शिवून तयार होता. निळा, पांढऱ्या कॉलरचा. तो गणवेश घालून पोरगी एकदाही शाळेत गेली नाही आणि त्याची शिलाई दोनदा खाली उतरवावी लागली.

सेनाइदा स्वतः तिसरीतून बाहेर पडली. धाकटी भावंडं सांभाळायची होती, कुणी तिला विचारलंही नाही. तिचा नवरा क्रिसोफोरो तिकडे उत्तरेत स्ट्रॉबेरीच्या शेतांवर कामाला आहे. तो फोनवर बोलून पाठवतो, कारण लिहिलेलं पाठवलं तर सेनाइदाला ते वाचायला माझ्याकडे यावं लागतं, आणि नवरा-बायकोतलं सगळंच काही कोमाद्रेनं वाचण्यासारखं नसतं. ब्रिसेइदाच्या जन्मापासून सेनाइदाचं एकच म्हणणं. "मला दुसरं काही नको. ही वाचायला शिकली पाहिजे."

सरकारनं सांगितलं, मुलं टीव्हीवर शिकतील. आमच्या डोंगरात टीव्हीवर फक्त मुंग्या दिसतात. मग एवोदियो गुरुजींनी खालच्या शहरातून अभ्यासाच्या झेरॉक्स पाठवायला सुरुवात केली. गाडीवाला गठ्ठा साखळीपाशी ठेवून जायचा. तिथले पहारेकरी भारी दक्ष. ते गठ्ठ्यावर जंतू मारायचं औषध फवारायचे, एकदा नाही, उलटून-पालटून. मुलांच्या हातात येईपर्यंत अक्षरं फुटलेली, शाई वाहून गेलेली. सेनाइदा साखळीपाशी जाऊन त्यांना म्हणाली, "अरे शहाण्यांनो, जंतू मेले की नाही देव जाणे, पण अक्षरं सगळी मेली." ते म्हणाले, वरून आदेश आहे.

तरी ब्रिसेइदा रोज पानं भरायची. फुटलेलं अक्षर ती फुटक्यासारखंच उतरवायची, इतकं हुबेहूब की बघत राहावं. सेनाइदा ती पानं मला कौतुकानं दाखवायची. एकदा मी तिच्या भट्टीपाशी बसले होते, तेव्हा तिनं पोरीला हाक मारली. "मद्रीनाला वाचून दाखव." तेलाच्या डब्याकडे बोट केलं. पोरगी म्हणाली, "तेल." साखरेच्या डब्याकडे केलं. "साखर." कोपऱ्यातल्या पोत्याकडे केलं. पोरगी म्हणाली, "चुना."

पोत्यात चुना होता हे खरं. मका शिजवायला लागतो तो. पण पोतं मैद्याचं होतं, आणि त्यावर वीतभर मोठ्या अक्षरात मैदा असंच छापलं होतं. सेनाइदालाही तेवढं वाचता येत होतं. तिनं कणकेवर ओला कपडा टाकला, हात धुतले, आणि परत एकदा धुतले. पोरगी गेल्यावर म्हणाली, "कोमाद्रे, ती वाचत नाहीये. आत काय आहे तेवढं तिला माहितेय."

त्या दिवसापासून तिचा स्वभाव बदलला. आधी ती पदाला शिव्या द्यायची, आता पद दोन्ही हातांनी धरून कामाला लागली.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा बातमी आली की शाळा उघडता येतील, पण जपून, आणि ज्या त्या गावानं ठरवायचं. शहरातून सूचना आल्या. खिडक्या उघड्या ठेवा. आमच्या खिडक्या गंजून बसलेल्या. मुलांचे हात वारंवार धुवा. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. मुलांमध्ये दीड मीटर अंतर ठेवा. हे लिहिणाऱ्यानं सहा वर्षांची दोन पोरं एकत्र कधी पाहिली असतील असं वाटत नाही. सेनाइदानं एकेक सूचना माझ्याकडून वाचून घेतली, प्रत्येकीवर एक शिवी दिली, आणि प्रत्येक पुरी करायचीच असं ठरवलं. गावप्रमुखाकडे तिनं इतक्या चकरा मारल्या की त्याची बायको लांबूनच ओरडायची, "आली बघा तुमची शाळा."

शेवटी गावप्रमुखानं तेकियो जाहीर केला, म्हणजे घरटी एक माणूस देऊन करायचं गावकीचं काम. एका शनिवारी सगळा गाव शाळेत लोटला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सेनाइदानं मला फाटकावर ताप मोजायच्या यंत्रापाशी बसवलं होतं आणि आत ती माणसांना कोंबड्यांसारखी हाकत होती. "ताता, लांब. तुम्ही दोघं, लांब. तिकडे नवरा-बायको आहात? मग राहा जवळ." पुरुषांनी खिडक्यांचा गंज ठोकून काढला, पाण्याची टाकी बसवली, छपरातली गांधीलमाश्यांची पोळी जाळली. बायकांनी बाकं घासली. वर्गाच्या फरशीवर रंगानं फुल्या मारल्या, एका फुलीवर एक बाक, आणि अंगणातही माणसांना उभं राहायला तशाच फुल्या. आणि आमच्या रिवाजाप्रमाणे रंगाऱ्यानं फाटकाशेजारच्या भिंतीवर समितीची नावं काढली. अध्यक्ष, खाली सदस्य, आणि साल. सेनाइदा त्याला म्हणाली होती, नाव नको, उद्या उतरायचंच आहे मला. तो म्हणाला, रंग उरलाय.

इतकं सगळं नीट झालं. आता पुढचं सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

तेकियो संपला की मेस्कल येते, आमची घायपाताची दारू. भोपळ्याची एकच वाटी. पहिला मान वयानं मोठ्या माणसाचा. तो चार थेंब मातीला देतो, मग स्वतः पितो, वाटी भरून पुढच्याला देतो. अशी ती सगळ्यांच्या तोंडून फिरून आली की काम पुरं झालं. आमच्या पणज्यांनी देऊळ बांधलं तेव्हाही अशीच फिरली म्हणतात. सेनाइदाला हे काय ठाऊक नव्हतं? म्हणून तिनं खालून कागदी पेले मागवून ठेवले होते. ते तिनं बाकावर मांडले.

ताता फिलोगोनियो गावातले सगळ्यांत मोठे. ते पेल्यांकडे बघत राहिले. "हे काय? दवाखाना आहे का?"

"ताता, एकेकाला वेगळा पेला. आतली मेस्कल तीच आहे."

"वेगळा पेला पाहुण्याला देतात पोरी. मी या गावात पाहुणा आहे का?"

"तसं नाही ताता. सकाळपासून सगळ्यांनी तोंड बांधून काम केलं. आता शेवटी एका वाटीनं सगळ्यांची तोंडं एक करायची?"

मागून विल्फ्रिदो बोलला. हा छपरावर चढला होता आणि तेवढ्यानंच स्वतःला इंजिनिअर समजत होता. "अगं, मेस्कल ही. जखमेवर ओतली तर बोंब मारतो माणूस. जंतू काय त्यात पोहायला शिकणार?"

सगळे हसले, आणि लोक हसले की माझ्या कोमाद्रेचं काही चालत नाही. वाटी निघाली. आणि माणसं किती शिस्तीत प्यायली म्हणून सांगू. प्रत्येक जण आपापल्या फुलीवर उभा. पुढे यायचं, आधी हाताला जंतुनाशक चोळायचं, मग वाटी घ्यायची, मास्क हनुवटीखाली ओढून प्यायचं, मास्क वर, परत हाताला जंतुनाशक, परत आपल्या फुलीवर. अंतर कुणी मोडलं नाही. फक्त ओठ तेवढे एकाच काठाला लावले, सगळ्या गावानं. मी फाटकावर होते, माझ्यापर्यंत वाटी आली तेव्हा बुधला रिकामा झाला होता. त्याआधी सेनाइदाच्या हातात भरलेली वाटी आली होती. तिनं ती तशीच पुढच्याला दिली.

शाळा सोमवारी उघडायची होती. रविवारी विल्फ्रिदो खोकायला लागला. मग त्याची सासू, मग रंगारी, मग ताता फिलोगोनियो. त्यांना प्राणवायूच्या नळकांड्यासकट खालच्या इस्पितळात न्यावं लागलं. गावप्रमुखानं शाळेला परत कुलूप घातलं, आणि ते घालताना तो स्वतःही खोकत होता.

आता कुणी म्हणेल, गावाला अक्कल आली असेल. अक्कल आली, पण भलत्याच बाजूनं. बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या की सेनाइदानं वाटी नाकारली, मातीचा अपमान झाला, म्हणून हे दुखणं आलं. प्यायले ते पडले, आणि दोष कुणाला, तर न प्यायली तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. मी दोघीतिघींशी भांडले. एक म्हणाली, "मग ती एकटीच कशी ठणठणीत आहे? सांग ना." मी सांगितलं, तेच तर सांगतेय. तिला कळलंच नाही.

सेनाइदा भट्टी लावून आजारी घरांच्या उंबऱ्यावर पाव ठेवून यायची. दोन घरांनी पाव घेतला नाही. तो परत आलेला पाव तिनं माझ्यासमोर डुकरांना घातला आणि म्हणाली, "डुकरं काही विचारत नाहीत." तेव्हा ती रडत होती. रागानं रडते ती, दुःखानं रडताना मी तिला पाहिलेलं नाही.

एके सकाळी मी तिच्याकडे गेले तर ब्रिसेइदा अंगणात खेळत होती. तिनं मक्याची कणसं ओळीनं ठेवली होती, दोन कणसांत लांब अंतर सोडून, प्रत्येकाच्या तोंडाला चिंधी बांधून. स्वतः गणवेशात, हातात काठी. मला वाटलं आता ती त्यांना काही शिकवेल. ती कणसांना म्हणाली, "आज नाही. पुढच्या सोमवारी." मग तिनं सगळी कणसं गोळा केली, टोपलीत भरली, पुन्हा बाहेर काढून मांडली आणि पुन्हा तेच म्हणाली. शाळेबद्दल तिला तेवढंच ठाऊक होतं. सेनाइदा दारात उभी राहून बघत होती. "कोमाद्रे," ती मला म्हणाली, "ही शाळा मी उघडणार. मग गावानं मला जाळलं तरी चालेल."

नोव्हेंबरात मृतांच्या सणाच्या सुमारास खोकला ओसरला. ताता फिलोगोनियो परत आले, निम्मे होऊन. आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा गावसभा भरली, बास्केटबॉलच्या मैदानावर, खुर्च्या लांबलांब टाकून. विषय एकच, शाळा. सेनाइदा पहिल्या रांगेत. पायाशी कापडी पिशवी.

विल्फ्रिदो उठला. आवाज अजून बसलेला होता, पण बंद काही झाला नव्हता. "शाळा उघडा, आमचं काही म्हणणं नाही. पण काम पुरं झालेलं नाही. एका माणसानं वाटी नाकारली. आधी तिनं सगळ्यांसमोर वाटी घ्यावी, मग शाळा."

बरीच डोकी हलली. मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. हिनं वाटी घ्यायची म्हणजे वाटी परत फिरणार, परत सगळ्यांच्या तोंडून, आणि परत कुलूप. नाही घेतली तर आजच कुलूप. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती कणसं मांडणारी पोर.

सेनाइदा उठली. "वाटी आणा," म्हणाली. "पण आधी ऐका. मी माफी मागायला उभी राहिलेली नाही. तुमच्या प्रत्येकाच्या दारात मी पाव ठेवलाय. माझी पोरगी साडेसात वर्षांची झाली आणि मैद्याच्या पोत्यावर चुना वाचते. तुमच्या पोरांना वाचून बघायला लावा एकदा, मग मला शिकवा मातीचा मान."

वाटी आली. तिनं वाकून चार थेंब मातीला दिले, अगदी रीतीनं. मग पिशवीतून एक छोटी बाटली काढली, बूच दातांनी उपटलं, आणि वाटीतली मेस्कल त्या बाटलीत ओतली. एक थेंब सांडला नाही. बूच लावलं, बाटली कमरेला खोचली, आणि म्हणाली, "घेतली."

विल्फ्रिदो म्हणाला, "हे काय? प्यायली कुठं ती?"

"माझी आजी सुईण होती," सेनाइदा म्हणाली. "प्रत्येक घरी तिला वाटी मिळायची. सगळी प्यायली असती तर दरीत पडली असती. ती बाटलीत घेऊन घरी यायची. तिनं मातीचा अपमान केला असं म्हणायचंय का तुला? तुझा बाप तिच्याच हातावर जन्मला."

कुणी हसलं नाही. सगळे ताता फिलोगोनियोंकडे बघत होते. प्रत्येक शब्दाला दम खात ते म्हणाले, "माझी आईही अशीच घ्यायची. सगळ्याच बाया घ्यायच्या. बाटली कमरेला बांधून यायच्या. कधी बंद झालं ते, लक्षातच नाही आलं." मग हात पुढे केला. "माझ्याकडे बाटली नाही."

सेनाइदानं पिशवी उपडी केली. तिच्या पावाला व्हॅनिला लागतो. इतक्या वर्षांच्या व्हॅनिलाच्या रिकाम्या बाटल्या तिनं टाकल्या नव्हत्या, त्या सगळ्या धुऊन, उकळून आणल्या होत्या. वाटी फिरली, एकाही ओठाला न लागता. त्या वर्षी आमच्या सगळ्या घरांतल्या मेस्कलला व्हॅनिलाचा वास येत होता, आणि विल्फ्रिदो अजून त्याबद्दल कुरकुरतो.

सोमवारी शाळा उघडली. अर्धी मुलं आज, अर्धी उद्या. पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही. अध्यक्षानं फाटकावर उभं राहून प्रत्येक मुलाचा ताप मोजायचा, आणि शेवटचं मूल घरी जाईपर्यंत हलायचं नाही. ज्या वर्गाच्या फरशीची प्रत्येक फुली सेनाइदानं स्वतः उभं राहून मारून घेतली होती, त्यात आपली पोर कशी बसते ते तिला दिसत नव्हतं. ब्रिसेइदा आत गेली ती मागे वळूनही न बघता. दुपारी बाहेर आली आणि म्हणाली, "आई, उद्या लवकर उठव."

"उद्या नाही. परवा."

पोरीनं असं बघितलं की जणू तिला परत एकदा फसवलं. पण परवा शाळा होती, आणि त्यानंतरच्या परवाही.

भट्टी आता सेनाइदाला रात्रीच लावावी लागे. डोळे लाल, स्वभाव त्याहून लाल. "नवी समिती निवडली जाऊ दे," ती मला म्हणायची, "मग त्या ताप मोजायच्या यंत्रानं मी विल्फ्रिदोचं डोकं मोजते." थंडी सरताना गावप्रमुखानं एकदाची ती सभा लावली. कधी लावली? बुधवारी, सकाळी. शाळेच्या दिवशी. सेनाइदा त्याच्याकडे गेली, म्हणाली, मी फाटकावर असते. तो म्हणाला, "ये ना, शाळा सुटली की ये. आम्ही काय पळून जातो?"

सभेला मी गेले होते. शाळा समितीचा विषय त्यांनी सगळ्यांत आधी घेतला. आणि त्याच विल्फ्रिदोनं, ज्यानं तिला चारचौघांत उभं केलं होतं, त्यानंच तिचं नाव घेतलं. म्हणाला, तिच्यासारखं कोण करणार? सगळे म्हणाले, खरंच, कोण करणार? हात वर. मी ओरडले, "अरे, ती तुमच्याच पोरांसाठी फाटकावर उभी आहे म्हणून इथं नाही. जरा तरी लाज बाळगा." गावप्रमुख शांतपणे म्हणाला, "दुलीला समितीची फार काळजी आहे. सदस्य म्हणून दुली राहू दे."

मी तणतणत फाटकावर गेले. मुलं सुटायच्या बेतात होती. माझा चेहरा बघूनच सेनाइदाला कळलं.

"भट्टी नव्हती लावली मी आज," ती म्हणाली. "या सभेसाठी भट्टी नव्हती लावली. कोमाद्रे, दोन वर्षं. वर आणखी एक. क्रिसोफोरो विचारतो, तू तिथं नक्की कुणाची बायको आहेस, माझी की शाळेची?" मग तिनं गावप्रमुखाच्या आईचा, त्याच्या गाढवाचा आणि सबंध सभेचा असा उद्धार केला की तो मी इथं सांगू शकत नाही. फाटकातून मुलं बाहेर पडत होती, ती त्यांच्या कपाळावर यंत्र धरत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम.

ब्रिसेइदा शेवटी आली. ती भिंतीपाशी थांबली. बोट लावून, एकेक अक्षर ओढत वाचायला लागली. "अ-ध्य-क्ष. से-ना-इ-दा."

"हो, ते माहितेय तुला," सेनाइदा वैतागून म्हणाली. "ते कुणीही सांगेल. चल घरी."

पण पोरगी हलली नाही. तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं. तिला घाम फुटला होता. "स-द-स्य. ओ. ओब. ओब-दु-लि-या." वळून आईला विचारलं, "आई, ही ओब्दुलिया कोण?"

ओब्दुलिया मी. पण मला या नावानं आई मेल्यापासून कुणी हाक मारलेली नाही. गावाला मी दुली, सेनाइदाला कोमाद्रे, आणि त्या पोरीला मद्रीना. तिनं ते नाव जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं.

सेनाइदाच्या हातातलं यंत्र तसंच हवेत राहिलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "ही. ही तुझी मद्रीना."

ब्रिसेइदानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग परत भिंतीकडे. "तुझं नाव भिंतीवर का आहे, आई?"

"कारण मी सभेला नव्हते."

"आणि मद्रीनाचं?"

"ती होती म्हणून," सेनाइदा म्हणाली, आणि नाक पुसत फाटकाला कुलूप घालायला लागली.